पडका बुरूज मोजताना

पडक्या दगडी बुरुजाच्या पाहणीत चार प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात: तो नेमका कुठे आहे, त्यातले किती उरले आहे, तो कसा बांधला होता आणि तिथून काय दिसत असे. पहिल्या तिन्हींसाठी टेप, कॅमेरा आणि वही जवळ असली की काम भागते. चौथ्यासाठी मात्र बुरुजाकडे पाठ करून समोरचा मुलूख न्याहाळावा लागतो, आणि बहुतेक पाहण्यांत तेच राहून जाते. बुरूज उभारला जातो तो नजरेचा आणि माऱ्याचा टप्पा वाढवण्यासाठी. हा टप्पा नोंदलाच नाही तर बाकीची मापे कितीही अचूक असली तरी बुरूज तिथेच का बांधला, याचे उत्तर मिळत नाही.

मुंबईत हे समजून घ्यायला लोअर परळसारखी दुसरी जागा नाही. खुद्द लोअर परळमध्ये एकही किल्ला नाही, पण स्थानकापासून वरळीचा किल्ला वायव्येला आणि शिवडीचा किल्ला पूर्वेला, दोन्ही सरळ रेषेत साडेतीन किलोमीटरच्या आत आहेत. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे, तेव्हा वरळी आणि शिवडी यांच्यामधला सखल पट्टा पाण्याखाली जात असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, वरळीचा बांध पुरा झाला आणि खिंडार बुजले. पुढे त्याच सखल जमिनीवर गिरण्या आल्या आणि आता गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. सतराव्या शतकातल्या पहारेकऱ्याला मात्र वरळी, परळ, माहीम ही पाण्याने वेगळी केलेली बेटे दिसत होती, आणि किल्ल्यांच्या जागा त्या पाण्याच्या हिशोबाने निवडल्या गेल्या.

ईस्ट इंडिया कंपनीकडे मुंबई आली १६६८ मध्ये. त्यानंतर शीवच्या टेकडीवरचा किल्ला जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, म्हणजे १६६९ ते १६७७ च्या दरम्यान झाला. वरळीच्या उत्तर टोकावरचा किल्ला १६७५ च्या सुमाराचा आणि शिवडीचा १६८० चा. वरळीच्या किल्ल्याला अनेकजण पोर्तुगीज समजतात, पण तो इंग्रजांचा आहे. पश्चिमेला माहीमची खाडी, उत्तरेला साष्टी आणि पूर्वेला बंदराची उथळ दलदल, अशा तिन्ही अंगांवर नजर ठेवणारी ही मालिका होती. तिची कसोटी लवकरच लागली. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीलाच उतरला, तिथला किल्ला त्याने घेतला आणि मग माझगाव, माहीम करत मुंबईचा बराच भाग त्याच्या हाती गेला. बुरुजावरून शत्रू दिसला म्हणजे तो अडवता येतो असे नाही, हा धडा कंपनीला महागात पडला.

याच मालिकेतला सगळ्यात बोलका दुवा धारावीत आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात आणि दप्तरात त्याचे नाव रिवा किल्ला आहे. गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेने १७३७ मध्ये तो बांधला, असे सांगणारी इंग्रजी शिळा त्याच्या भिंतीत आहे. मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली तीही १७३७ मध्येच, आणि वसई पडली त्यानंतर दोन वर्षांनी, १७३९ मध्ये. साष्टीत मराठे आल्यावर मिठी नदीच्या काठी घाईने तटबंदी उभी राहणे स्वाभाविक होते. पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीने अशी तारखेची शिळा म्हणजे मोठेच घबाड. तिच्यामुळे त्या बुरुजाची दगड रचण्याची पद्धत, चुना आणि कोनांची ठेवण ही शेजारच्या बिनतारखेच्या बांधकामांशी ताडून पाहता येते.

शहराबाहेर, उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर अशी शिळा क्वचितच सापडते. वसईपासून वर डहाणूपर्यंत पोर्तुगीजांनी आणि नंतर मराठ्यांनी लहानमोठे कोट आणि चौक्या बांधल्या. शिरगावच्या कोटाचे बुरूज अजून ओळखू येतात. केळव्याला एक कोट भर पाण्यात आहे आणि दुसरा सुरूच्या बनात वाळूत रुतलेला. अर्नाळ्याचे बेट मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतले आणि तिथला किल्ला नव्याने बांधला. त्या किल्ल्याबाहेर समुद्राकाठी एक सुटा गोल बुरूज उभा आहे. मुख्य तटाशी त्याचा काही संबंध नाही. एकाकी बुरूज म्हणजे काय, हे पाहायचे तर महाराष्ट्रात अर्नाळ्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

अशा सुट्या बुरुजांची ताकद ब्रिटिशांना जरा उशिरा कळली. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या मोर्तेल्ला टोकाच्या एका गोल बुरुजाने ब्रिटिश आरमाराच्या दोन युद्धनौकांचा मारा पचवला आणि उलट त्यांचेच नुकसान केले. ब्रिटिशांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि नेपोलियनच्या भीतीने १८०५ ते १८१२ या काळात इंग्लंडच्या किनाऱ्यावर तसेच १०३ बुरूज बांधले. त्यांची पाहणी सोपी आहे, कारण नकाशे आणि हिशोब जपून ठेवलेले आहेत. स्कॉटलंडचे ब्रॉख किंवा सार्डिनियाचे नुरागे या प्राचीन दगडी बुरुजांच्या बाबतीत मात्र दगडाशिवाय दुसरा साक्षीदार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा मूसा बेटावरचा ब्रॉख चुन्याशिवाय, नुसता दगडावर दगड रचून केलेला आहे आणि आजही सुमारे १३ मीटर उंच आहे. त्याची भिंत दुहेरी आहे आणि दोन पदरांमधून जिना वर जातो. सार्डिनियात कांस्ययुगातले सुमारे सात हजार नुरागे मोजले गेले आहेत. भारतातल्या बहुतेक पडक्या बुरुजांची स्थिती या दोन टोकांच्या मधली आहे: कागद थोडे आहेत, पण अगदीच नाहीत असे नाही.

म्हणून पाहणीची सुरुवात कागदांपासून करावी. उत्तर कोकणासाठी जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८८२ मध्ये निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर हा पहिला आधार. त्यातल्या स्थळवर्णनाच्या खंडात आज नावानेही माहीत नसलेल्या कोटांची वर्णने आहेत. मुंबई शहराचे गॅझेटियर १९०९ आणि १९१० मध्ये तीन खंडांत निघाले. जेम्स बर्जेसने मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांची यादी १८८५ मध्ये छापली आणि हेन्री कझिन्सने ती १८९७ मध्ये सुधारून पुन्हा काढली. या ग्रंथांतली मापे तंतोतंत मानू नयेत, पण ‘बुरूज पडका, वायव्य कोपरा शाबूत’ अशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एक ओळसुद्धा आजच्या ढिगाऱ्याचे वय सांगून जाते. तेव्हा कोपरा शाबूत होता आणि आता नाही, तर तो त्यानंतर पडला.

नकाशांचेही तसेच. मुंबई शहराची लॉटनने १८६५ ते १८७२ या काळात केलेली मोजणी इतकी बारीक आहे की भिंतीचा एखादा तुकडाही तिच्यात सापडतो. ग्रामीण भागासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात. इथे लोअर परळची एक गंमत आहे. उत्तर अक्षांश १९ अंशांची रेषा लोअर परळ आणि प्रभादेवी या दोन स्थानकांच्या मधून जाते आणि जुन्या पद्धतीच्या नकाशांची ४७ ए आणि ४७ बी ही दोन मोठी पाने नेमकी त्याच रेषेवर तुटतात. त्यामुळे वरळी, माहीम, शीव एका पानावर आणि माझगाव, फोर्ट दुसऱ्या पानावर पडतात. मुंबईच्या तटबंदीची मालिका पाहणाऱ्याने ही पाने आधी जोडून घ्यावीत. वाड्यांची आणि शेतांची नावेही टिपून ठेवावीत. कोट, गढी, चौकी, मेट अशी नावे जिथे आहेत तिथे काही शिल्लक नसले तरी एक चक्कर मारून यावी, आणि गावात जाताना गुराख्याला किंवा कोळ्याला आधी विचारावे. नकाशा करणाऱ्यापेक्षा त्याला झाडीतला दगड जास्त ठाऊक असतो.

प्रत्यक्ष जागेवर पहिले काम म्हणजे ठिकाण नक्की करणे. मोबाइलमधले जीपीएस मोकळ्या जागेत काही मीटरांपर्यंत बरोबर असते, पण उंच भिंतीला लागून उभे राहिले की उपग्रहांचे संकेत अडतात किंवा भिंतीवर आपटून येतात आणि आकडा भटकतो. म्हणून वाचन भिंतीपासून दूर, मोकळ्यावर घ्यावे आणि तिथून बुरुजापर्यंतचे अंतर आणि दिशा वेगळी मोजावी.

दिशा मोजताना सह्याद्रीच्या आणि कोकणच्या मुलखात एक अडचण हमखास येते. इथला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात लोहखनिजाचे चुंबकीय कण असतात. बुरुजाला टेकवलेली होकायंत्राची सुई काही अंशांनी सरकू शकते. वीज पडलेल्या माथ्यांवर तर जास्तच. उपाय साधा आहे. बुरुजावरून समोरच्या खुणेची दिशा घ्यायची, मग त्या खुणेपाशी जाऊन बुरुजाची उलट दिशा घ्यायची. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक नसेल तर एका टोकाला सुई भुललेली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेला ही चुंबकाची कटकट वेगळ्या रूपात भेटली होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली चुंबकीय निरीक्षणे बिघडतील हे ओळखून ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवली गेली, आणि अलिबागची इमारत मुद्दाम चुंबकीय नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधली गेली.

यानंतर मापे. चौकोनी बुरुजाच्या बाजू आणि दोन्ही कर्ण मोजले की आकार पक्का होतो. नुसत्या बाजू मोजल्या तर तिरका चौकोनही काटकोनी वाटतो. गोल बुरुजाचा निम्म्याहून जास्त भाग कोसळला असेल तरी त्याची मूळ त्रिज्या काढता येते. उरलेल्या वक्र भिंतीवर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणायची. ही झाली जीवा. तिच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचे सगळ्यात जास्त अंतर मोजायचे. जीवेच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागायचे आणि त्यात त्याच अंतराचा निम्मा भाग मिळवायचा, की त्रिज्या येते. जीवा ४ मीटर आणि मधले अंतर अर्धा मीटर भरले तर त्रिज्या ४.२५ मीटर, म्हणजे बुरूज साडेआठ मीटर व्यासाचा. हे माप भिंतीच्या दोन-तीन ठिकाणी घेऊन पाहावे. उत्तरे फार वेगळी आली तर बुरूज गोल नाही, किंवा त्याची पुन्हा डागडुजी झालेली आहे.

बहुतेक बुरूज खाली रुंद आणि वर निमुळते असतात. हा उतार काढायला ओळंबा सोडावा, किंवा दोन उंचींवर घेर मोजावा. पायथ्याशी घेर ३० मीटर आणि ३ मीटर वर २८.२ मीटर असेल तर त्रिज्या सुमारे २९ सेंटिमीटरने घटली, म्हणजे दहाला एक असा उतार. उंचीसाठी जुनी त्रिकोणमिती पुरते. बुरुजापासून २० मीटरवरून माथ्याचा कोन ३० अंश आला तर उंची ११.५ मीटर, त्यात डोळ्याची दीड मीटर मिळवली की १३ मीटर. मात्र जमीन चढउताराची असेल तर दोन बाजूंनी मोजावे, आणि निमुळत्या बुरुजाचा माथा पायथ्यापेक्षा आत सरकलेला असतो हे विसरू नये.

सगळ्यात जास्त अंदाज ‘मूळ उंची किती’ या प्रश्नावर बांधले जातात, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग दिसला की पूर्वी दुप्पट उंच असणार, असे म्हटले जाते. हिशोब करून पाहावा. समजा ढिगाचे घनफळ ६० घनमीटर भरले. पडलेल्या दगडांच्या मधल्या पोकळीचा तिसरा हिस्सा वजा केला तर भिंतीचा खरा माल ४० घनमीटर उरतो. भिंत २ मीटर जाड आणि तिचा मधल्या रेषेवरचा व्यास ७ मीटर असेल, तर प्रत्येक मीटर उंचीला सुमारे ४४ घनमीटर दगड लागतो. म्हणजे त्या प्रचंड दिसणाऱ्या ढिगातून जेमतेम ९० सेंटिमीटर भिंत उभी राहील! उलटही होते. ढीग लहान असेल तर कदाचित दगड गावातल्या घरांत, विहिरींत किंवा बांधांत गेलेले असतात, आणि मग आसपासच्या बांधकामांत एकाच मापाचे ताशीव दगड शोधावे लागतात. किल्ल्यांचे दगड नेण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या कोटाची भिंत तर सरकारनेच १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, पाडून टाकली.

इथे बुरूज भरीव की पोकळ हेही कळायला हवे. तोफा पेलणारे बुरूज बहुधा आत माती-दगडांनी भरलेले असतात. असा बुरूज फुटला की आतला भराव बाहेर सांडतो आणि ढिगात दगडापेक्षा मातीच जास्त निघते. मराठवाड्यातल्या आणि देशावरच्या गढ्यांमध्ये खाली घडीव दगड आणि वर पांढऱ्या मातीची जाड भिंत अशी जोडणी असते. वरची माती पावसाने वाहून गेली की दगडी भाग एवढाच बुरूज होता असे वाटते. गढीची उंची दगडावरून ठरवणारा हमखास फसतो.

मापे झाल्यावर भिंत वाचायची. एका अंगाला घडीव दगडांचे सरळ थर आणि दुसऱ्या अंगाला अनघड दगडांची चिपा घालून केलेली भर दिसली, तर मधली उभी सांध शोधावी. तिथे दोन वेगळ्या काळची कामे भेटतात. सांध्यांतला चुना पाहावा. कोकण किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना सर्रास वापरत, आणि त्यात शिंपल्याचे तुकडे डोळ्यांना दिसतात. राखाडी, कठीण आणि गुळगुळीत भर दिसली तर ती सिमेंटची, म्हणजे विसाव्या शतकातली. भिंतीत ठरावीक अंतरावर एका पातळीत चौकोनी भोके असतील तर ती बहुधा गवंड्यांच्या परांचीची. त्यांच्या ओळी मोजल्या की काम किती टप्प्यांत वर गेले ते कळते. परांचीची भोके आणि बंदुकीच्या जंग्या यांची गल्लत नवख्याकडून नेहमी होते. जंगी बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असते, बहुतेकदा खाली झुकलेली असते, आणि तिच्यामागे माणूस उभा राहील एवढी जागा असते. जंग्यांची तोंडे कुठे वळली आहेत ते होकायंत्राने टिपावे. बुरुजाला भीती कुणाची होती हे त्यावरून कळते.

काळ ठरवायला कोरीव लेख नसेल तर हे सगळे पुरावे एकत्र मांडावे लागतात. तोफेसाठी केलेले रुंद झरोके असतील तर तो बुरूज, निदान त्याचा तो भाग, तोफांच्या काळातला. भिंतीत अडकलेली लाकडी तुळई किंवा चुन्यातला कोळशाचा कण मिळाला तर कार्बन-१४ पद्धतीने वय काढता येते. चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या डोंगरी दगडी मनोऱ्यांचे वय असेच त्यांच्या तुळयांवरून काढले गेले. मात्र तुळई जुन्या इमारतीतून आणलेली असू शकते, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वापरावा. दगडांचेही तेच. आधीच्या वास्तूंचे कोरीव दगड पुढच्या काळात भिंतीत चिणले जातात, आणि एका मूर्तीवरून अख्ख्या बुरुजाला प्राचीन ठरवणे हा उत्साही मंडळींचा आवडता छंद आहे.

जमिनीखालच्या अवशेषांची कथा परळनेच सांगावी. १९३१ मध्ये परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात सुमारे साडेतीन मीटर उंचीचे शिवाचे अखंड शिल्प निघाले. ते सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात आणि आज ते परळच्या बारादेवी मंदिरात आहे. रस्त्याच्या कामात असे काही निघाले की वस्तू हाती येते, पण भोवतीचा थर कुदळीखाली जातो. म्हणूनच बुरुजाच्या पायथ्याशी खणू नये. गेल्या दशकात मुंबई विद्यापीठाचे पुरातत्त्व केंद्र आणि पार्ल्याचे साठये महाविद्यालय यांच्या अभ्यासकांनी साष्टीत गावोगाव फिरून मूर्ती, वीरगळ, गधेगाळ आणि वास्तूंचे अवशेष नोंदले ते खणण्याशिवायच. जमिनीवर दिसते तेवढे नीट टिपणे हे स्वतंत्र आणि पुरेसे काम आहे.

आता चौथा प्रश्न. बुरुजाच्या माथ्यावर, आणि तिथे चढणे धोक्याचे असेल तर शेजारच्या उंचवट्यावर, उभे राहून पूर्ण वर्तुळात छायाचित्रे घ्यावीत आणि ओळखू येणाऱ्या प्रत्येक खुणेची दिशा लिहावी. समुद्रावर नजर किती पोचते हे उंचीवरून ठरते. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पाण्यापासून २५ मीटर उंचीवरच्या पहारेकऱ्याला सुमारे १८ किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. डोलकाठीचे टोक १६ मीटर वर असलेले जहाज त्याला त्याच्याही पलीकडे, स्वच्छ हवेत ३२ किलोमीटरच्या आसपास असतानाच डोकावू लागते. शिडाच्या वेगाने जहाज किनाऱ्याला यायला काही तास लागत. बुरुजाने विकत घेतलेला वेळ एवढा होता.

पुढचा बुरूज दिसतो का, हे त्याहून महत्त्वाचे. वरळीच्या किल्ल्यापासून माहीमचा किल्ला सुमारे ३ किलोमीटरवर, आणि खाडीच्या तोंडापलीकडचा पोर्तुगीजांचा वांद्र्याचा किल्ला सुमारे २ किलोमीटरवर. माहीमपासून रिवा सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, तिथून शीव सुमारे एक किलोमीटर. एवढ्या अंतरांवर दिवसा निशाण आणि रात्री जाळ सहज दिसतो. शीव ते शिवडी हे मात्र पाच किलोमीटरांचे मोठे अंतर आहे, वाटेत टेकड्याही होत्या, आणि याकूतखान उतरला तो नेमका या मालिकेच्या पूर्वेकडच्या विरळ बाजूला. किल्ल्यांची मापे वेगवेगळी छापलेली पुस्तके भरपूर आहेत, पण ही विरळ बाजू दाखवणारा नकाशा त्यांत शोधूनही सापडत नाही.

संगणकावर भूरूपाची प्रतिकृती घेऊन कुठून काय दिसेल हे काढता येते, आणि ग्रामीण भागात हे तंत्र उत्तम चालते. मुंबईत ते फसते. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीचे जे उंचीचे आकडे सर्वत्र मोफत मिळतात, ते जमिनीचे नसून छपरांचे आणि झाडांच्या शेंड्यांचे असतात. वरळी ते शिवडी ही रेषा प्रभादेवी-परळच्या इमारतींवरून जाते. त्या आकड्यांवर विसंबले तर सतराव्या शतकातला पहारेकरी एकविसाव्या शतकातल्या गच्चीवर आपटतो. अशा ठिकाणी जुन्या नकाशांवरच्या टेकड्यांच्या उंची घेऊन, भराव घालण्यापूर्वीचा किनारा आखून हिशोब करावा लागतो.

नव्या साधनांनी नोंद सोपी केली आहे, हे खरे. शेजारच्या दोन छायाचित्रांत ६० ते ८० टक्के भाग समान येईल अशा बेताने बुरुजाभोवती फिरत छायाचित्रे काढली, भिंतीवर मोजलेल्या चार-सहा खुणा ठेवल्या, की संगणक त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. लेसर यंत्र त्याहून अचूक, पण महाग. ड्रोनसाठी २०२१ चे नियम पाळावे लागतात, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते उडवता येत नाही. विमानतळ, नौदल आणि बंदर असलेल्या मुंबईत याची आधी खात्री करावी. लांब काठीवर कॅमेरा बांधूनही बरेच काम होते. तरी हाताने काढलेली आकृती सोडू नये. आकृती काढताना माणसाला प्रत्येक दगडाकडे पाहावे लागते, आणि सांध, भोक, गिलावा यांतला फरक तेव्हाच लक्षात येतो.

पाहणीच्या वेळी बुरूज जसा असेल तसाच नोंदावा, साफसफाई नंतर. हा क्रम उलटा झाला तर पुरावा जातो. पिंपळ आणि वड भिंत फोडतात हे खरे, पण जाडजूड मूळ ओढून काढले तर त्याने धरून ठेवलेले दगडही सोबत येतात. म्हणून झाड वरून छाटावे आणि मूळ जाणकाराच्या देखरेखीखाली हळूहळू मारावे. चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरू नये. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ओल दगडात साठते आणि काही पावसाळ्यांत दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. गुप्तधनाच्या नादाने बुरूज पोखरण्याचे प्रकार सर्वत्र होतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वस्ती वाढलेल्या ठिकाणी प्रश्न वेगळा असतो. माहीमच्या किल्ल्यात अडीचशेहून अधिक झोपड्या होत्या, आणि तिथल्या कुटुंबांचे पुनर्वसन होईपर्यंत तटाची पूर्ण पाहणी होणेच शक्य नव्हते.

मोठ्या किल्ल्यांना आता वाली मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये खांदेरी, रायगड, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. सुट्या बुरुजांकडे, गढ्यांकडे आणि वाळूतल्या कोटांकडे मात्र अजून कुणाचे लक्ष नाही, आणि त्यांतले बरेचसे नोंद होण्याआधीच पडतील. शिवडी आणि वरळीचे किल्ले राज्य संरक्षित आहेत. अशा ठिकाणी मोजणीसाठी मचाण बांधायचे असेल किंवा ड्रोन उडवायचा असेल तर राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी घ्यावी. असंरक्षित बुरुजाची पाहणी झाल्यावरही तिची एक प्रत, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसह आणि तारखेसह, त्याच संचालनालयाकडे द्यावी. त्याचे मुंबईतले कार्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, १७६९ च्या सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भिंतींत.